शंभर दाण्यांच्या वह्या

प्रयोगवही ही शाळेतली सगळ्यात नीटनेटकी वही. तपकिरी कव्हर, डाव्या हाताचं पान कोरं, उजव्या हाताचं रेघांचं. कोऱ्यावर शिसपेन्सिलीनं आकृती, रेघांवर शाईनं उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. खाली सरांची सही आणि तारीख. गणिताच्या वहीत खाडाखोड चालते, मराठीच्या वहीत मागच्या पानावर बैलाचं चित्र चालतं, पण प्रयोगवहीत कुणी डाग पडू देत नाही. पोरं तिला जर्नल म्हणतात.

मी दहावी झालो 1977 साली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नवी परीक्षा सुरू झाली होती, तिला दोनच वर्षं झाली होती. आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांकडं. प्रयोग सर करायचे, आम्ही चाळीस-पंचेचाळीस पोरं टाचा उंच करून बघायचो. एकदा ऑक्सिजन तयार करायचा प्रयोग होता. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेट तापवायचं, नळीच्या तोंडाशी विझत आलेली, नुसती ठिणगी असलेली काडी धरायची, की काडी भकदिशी पेट घेते. सरांनी तीनदा धरली. तिन्ही वेळा काडी विझली. पुडी जुनी होती की स्टोव्ह कमी पडला, कोण जाणे. फळ्यावर मात्र निरीक्षण आधीच लिहिलेलं होतं: काडी पेट घेते. वर्गातल्या सगळ्या वह्यांत ती पेटली, आणि सगळ्या वह्यांवर सही झाली.

पुढं सगळी हयात काळ्या मातीत गेली. वही सुटली नाही, एवढंच. पाऊस कधी किती पडला, पेरणी कोणत्या तारखेला, खत किती, उतारा किती, हे मी लिहीत आलो. आमच्या लातूर भागात सोयाबीन आलं आणि ज्वारी, भुईमूग मागं सरले, तेही त्याच वह्यांत आहे. या वह्यांमुळंच आमच्या गावच्या शाळेतले विज्ञानाचे सर माझ्याकडं येऊन बसायचे. तरुण आहेत, हौशी आहेत. एका मार्चात म्हणाले, "आबा, नववीच्या लेकरांना उगवण चाचणी करायला लावतो. घरचंच बियाणं, घरचंच गोणपाट. सामान कशाला लागतंय? पण वह्या तुम्ही तपासून द्यायच्या."

मी म्हणालो, "सर, मी दहावी पास माणूस. मी काय तपासणार?"

"मी लेकरांचं विज्ञान बघतो. तुम्ही असं बघा की हा कागद वाचून तुम्ही पेरणी कराल का."

ही गोष्ट मला पटली.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सोयाबीन हे सरळ वाणाचं पीक. त्याचं बी दरवर्षी विकत आणायची गरज नाही, घरचं निवडून ठेवलेलं चालतं. पण दाणा नाजूक. टरफल पातळ असतं. मळणीयंत्र जोरात फिरवलं की दाण्याला बाहेरून न दिसणारा मार बसतो. काढणीच्या वेळी पाऊस झाला तर तो शेंगेतच खराब होतो. पोत्यांची थप्पी उंच रचली तरी खालचा दाणा दबतो. वरून पिवळाधमक दिसणारा दाणा आतून मेलेला असू शकतो. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सात दिवसांनी उघडून धड कोंब किती ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलो पेरायचं. कमी आले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवायचं. साठच्याही खाली आले तर ते बी म्हणून वापरूच नये, बाजार दाखवावा. कृषी खातं दर उन्हाळ्यात हेच सांगत असतं.

याचं मोल 2020 साली कळलं. आदल्या वर्षी ऐन काढणीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कोसळला होता. त्या मालातलं बी पुढच्या खरिपात उगवलंच नाही. राज्यभरातून हजारो तक्रारी गेल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. माझंही तीन एकर गेलं. घरचं बी कमी पडलं म्हणून त्या तीन एकराला विकतचं आणलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार केली, पंचनाम्याला माणूस आला. बांधावर उभा राहिला आणि लिहिलं: पेरणी खोल झाली, जमिनीत ओल अपुरी होती, त्यामुळे उगवण कमी. मी विचारलं, "साहेब, किती खोल झाली?" त्याच्याकडं साधी पट्टीही नव्हती. एक दाणा उकरून बघितला नाही. आठ ओळींचा कागद, आठही ओळी अनुमानाच्या, निरीक्षण एकही नाही. त्या कागदावर माझी तीन एकराची दुबार पेरणी माझ्याच खिशातून झाली. तेव्हापासून कुणाचाही अहवाल हातात आला की मी आधी बघतो, या माणसानं हात घातला होता का बांधावरूनच लिहिलंय.

तर एकतीस वह्या आल्या. प्रत्येकानं तीन गोणपाटं लावायची होती, शंभर-शंभर दाण्यांची. मी ओसरीवर बसलो, चष्मा लावला. दोन दिवस लागले.

पहिल्यांदा सहा वह्या वेगळ्या निघाल्या. सहाहींत ब्याऐंशी. तिन्ही गोणपाटांत ब्याऐंशी-ब्याऐंशी-ब्याऐंशी. सहाहींत 'अंकूर जोमदार' आणि सहाहींत अंकुरातला कु दीर्घ. अक्षर मोत्यासारखं, आकृती झकास, एकीत तर गोणपाटाचे धागेसुद्धा काढलेले. आता, ज्यानं एकदाही गोणपाट उघडलंय त्याला माहीत असतं की एकाच पोत्यातले दाणे घेतले तरी तीनदा सारखा आकडा येत नाही. अडुसष्ट येतील, त्र्याहत्तर येतील, सत्तर येतील. आकडा हलतो. हलला नाही तर समजायचं की तो गोणपाटातून आला नाही, शेजारच्या वहीतून आला. मी त्या वह्या सरांसाठी बाजूला ठेवल्या. पोरांचा मला राग आला नाही. ज्या रस्त्यानं ती आली, तो रस्ता फळ्यावर पेटलेल्या काडीपासूनचा आहे.

एका पोराचा हिशोब चुकला होता. उगवले एकाहत्तर, मेलेले एकोणीस, बुरशी आलेले बारा. बेरीज एकशे दोन. सर असते तर लाल गोल केला असता. मी पोराला बोलावून विचारलं, "दोन दाणे आले कुठून रे?" तो डोकं खाजवत म्हणाला, "आबा, दोघांना कोंब पण होता आन बुरशी पण होती. मी दोन्हीकडं धरले." बघा आता. चूक खरी, पण ती धरता आली, कारण त्यानं प्रत्येक रकाना वेगळा मोजला होता. ब्याऐंशीवाल्यांची चूक धरायला जागाच नव्हती, कारण तिथं मोजलेलं काहीच नव्हतं. मी त्याला सांगितलं, कोंब धड असेल, मूळ-खोड दोन्ही शाबूत असेल तरच उगवला धर, आणि बुरशीची नोंद शेजारी वेगळी कर. त्यानं ती वही तशीच दुरुस्त केली, जुना आकडा एका रेघेनं खोडून. तो खोडलेला आकडा खाली वाचता येतो. मला हे फार आवडलं.

दुसऱ्या एकानं त्र्याण्णव लिहिले होते. एवढे घरच्या सोयाबीनला सहसा येत नाहीत. शंका आली. पण 'कृती'त एक ओळ होती: दाणे आईनं निवडून दिले. एवढ्या एका ओळीनं सगळं उलगडलं. आईनं बिचारीनं डाळ निवडावी तसे गोल, टपोरे, डाग नसलेले शंभर दाणे ताटातून काढून दिले होते, लेकाचा प्रयोग चांगला व्हावा म्हणून. पोत्यात काय आहे ते या आकड्यावरून कळणार नव्हतं. पेरणीला तो अहवाल कामाचा नाही. पण कामाचा का नाही, हेही त्या अहवालानंच सांगितलं. ती ओळ नसती तर त्या बापानं त्र्याण्णवच्या भरवशावर एकरी तीस किलोपेक्षाही कमी पेरलं असतं. सरांना मी म्हणालो, याला दाणे परत घ्यायला लावा, पोत्याच्या वरून, मधून, तळातून, पण मार्क कापू नका.

सगळ्यात जास्त घोळ होता तो निरीक्षण आणि अनुमान यांत. निम्म्याअधिक वह्यांत निरीक्षणाखाली लिहिलेलं, 'बियाणं चांगलं आहे.' हे डोळ्यांना दिसतं का? डोळ्यांना दिसतात कोंब. चांगलं-वाईट हे आपण मागून ठरवतो. आम्हा शेतकऱ्यांतही हाच घोळ आहे, आणि तो महागात पडतो. ऑगस्टमध्ये सोयाबीनची पानं पिवळी पडतात. माणूस कृषी सेवा केंद्रात जाऊन सांगतो, "खत कमी पडलंय, काहीतरी द्या." आता पाणी साचून मुळं गुदमरली तरी पान पिवळं पडतं. चुनखडीच्या रानात लोह मिळालं नाही तरी पडतं, पण तेव्हा शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक आला तर पानावर पिवळे-हिरवे चट्टे दिसतात, आणि तो पांढरी माशी पसरवते, तिथं खताचा काय संबंध? ज्यानं 'खालची पानं, सगळी पिवळी, सखल भागात' एवढंच सांगितलं, त्याला दुकानदारसुद्धा फसवू शकत नाही. ज्यानं 'खत कमी पडलंय' म्हणून सांगितलं, त्यानं आपल्या हातानं पाकीट उघडून दिलं. नववीच्या पोरांना हे मी शेतात नेऊन सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं, पण मार्चात रान मोकळं होतं.

आता त्या मुलीच्या वहीबद्दल. नाव लिहीत नाही, कारण गाव लहान आहे.

वही दिसायला सगळ्यात वाईट. एका पानावर मातीच्या बोटांचे ठसे, पाण्यानं शाई पसरलेली. आकृती नाहीच म्हटलं तरी चालेल. पण तारखा होत्या. कोणत्या दिवशी पाणी शिंपडलं, किती वाजता. चौथ्या दिवशी एक कोपरा उचलून बघितला, तेव्हा काय दिसलं. दाणे कुठल्या पोत्यातले: 'थप्पीतली पाच पोती, प्रत्येकातून मूठभर, मग एकत्र करून न बघता मोजले.' पहिल्या गोणपाटात अठ्ठावन्न, दुसऱ्यात चोपन्न, तिसऱ्यात एकतीस. आणि खाली लिहिलेलं: 'तिसरं गोणपाट मी मामाच्या गावाला गेले तेव्हा दोन दिवस वाळलं. म्हणून ते सरासरीत धरलं नाही, पण लिहून ठेवलं.' सरासरी छप्पन्न. अनुमान: 'हे बियाणे पेरणीस वापरू नये.'

ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण त्या मुलीच्या बापानं वीस पोती सोयाबीन बियाणं म्हणून राखलं होतं. एमएयूएस-71, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. गावातल्या सात-आठ जणांनी त्याला सांगून ठेवलं होतं. बियाणं म्हणून विकलं तर बाजारभावापेक्षा क्विंटलला बरेच पैसे वर मिळतात, आणि त्या पैशावर त्याचा विहिरीचा राहिलेला कडा बांधायचा होता. ही गोष्ट मुलीला माहीत होती. घरात कुणाला माहीत नसते? तिला ब्याऐंशी लिहिणं सगळ्यात सोपं होतं.

सरांशी माझा वाद झाला तो याच वहीवरून. सर म्हणाले, "आबा, टापटिपीला मार्क असतात. आकृती नाही. पुढच्या वर्षी दहावीला हिनं अशी वही दाखवली तर तपासणारा बघणारसुद्धा नाही." मी म्हणालो, "मी या वहीवर पेरणी थांबवीन. त्या झकास आकृतीच्या वहीवर केली असती आणि बुडालो असतो." सर गप्प झाले, मग म्हणाले, "पण आबा, तिच्या वहीतली सरासरी शोधायला मला दहा मिनिटं लागली. पेरणीच्या घाईत तुम्ही ती शोधली असती का?"

त्यांचंही खोटं नव्हतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही उतरंड काही मास्तर लोकांनी छळायला काढलेली नाही. दुसऱ्याला नेमकी गोष्ट नेमक्या जागी सापडावी म्हणून आहे. मीच माझ्या जुन्या वह्यांत 1991 चा पाऊस शोधायला बसलो की अर्धा दिवस जातो. शेवटी आम्ही असं ठरवलं: तिनं स्वच्छ प्रत करायची, तक्ता आखायचा, पण मातीच्या ठशांचं मूळ पान फाडायचं नाही, तेच वहीत चिकटवायचं. आणि सगळ्या वर्गाला इथून पुढं एक कच्ची वही, जिच्यात खाडाखोडीला मार्क कापायचे नाहीत. वीसपैकी तिला सरांनी अठरा दिले. दोन आकृतीचे गेले. मी वीस म्हणालो होतो, पण मार्क द्यायचा अधिकार त्यांचा.

बाप रात्री आला. दारातूनच म्हणाला, "आबा, लेकरांचा खेळ तुम्ही गावात लावून धरायलाव. पोरीनं सरांला वही दिली, सरांनं तुम्हाला. आता माझं बियाणं कोण घेणार?"

मी म्हणालो, "बस आधी. मी कुणाला बोललो नाही. पण तू स्वतः मोज. दाणे तू काढायचे, पाणी मी घालतो, गोणपाट माझ्या पडवीत राहील."

दुसऱ्या दिवशी तो खरंच दाणे घेऊन आला, चारशे. चार गोणपाटं लावली. सात दिवस तो रोज संध्याकाळी यायचा आणि न बोलता बघून जायचा. आठव्या दिवशी आम्ही दोघं मांडी घालून बसलो. तो एकेक कोंब उचलायचा, धड असला तर डावीकडं, मोडका असला तर उजवीकडं. पंचावन्न, एकोणसाठ, बावन्न, सत्तावन्न. शेवटचं गोणपाट त्यानं दोनदा मोजलं. मग मेलेला एक दाणा अंगठ्यानं चिरडला. आत पिठूळ, काळपट. "मशीनवाल्यानं लई जोरात काढलं व्हतं," तो म्हणाला. "पाऊस येतोय म्हणून मीच घाई कर म्हणालो त्याला."

छप्पन्न टक्क्यांवर एकरी साडेसदतीस किलो बी टाकावं लागलं असतं, हा हिशोब मी त्याला करून दाखवला. आणि एवढं टाकूनही, अर्धमेल्या दाण्यातून उगवलेलं रोप जोरदार पावसानं जमीन घट्ट झाली की वर येत नाही, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. ज्या सात-आठ जणांनी घ्यायचं ठरवलं होतं, त्यांच्यात त्याचा सख्खा चुलत भाऊ होता.

वीसही पोती लातूरच्या आडतीवर गेली, तेलाचा माल म्हणून. विहिरीचा कडा त्या वर्षी राहिला. तो मुलीशी आठ-पंधरा दिवस बोलत नव्हता, असं तिची आई माझ्या सुनेला म्हणाली. मुलीनं स्वच्छ प्रत केली, तक्ता आखला, आणि अनुमान तेच ठेवलं.

मे महिन्याच्या शेवटी बापानं बियाण्याचे विकतचे कट्टे आणले. तीस किलोचा एक, तीन हजारांच्या पुढं. शाळेला सुट्टी होती. मी त्यांच्या घरावरून चाललो होतो, तर तो कट्टा फोडत होता आणि मुलगी कच्च्या वहीत लेबलावरचा लॉट नंबर उतरवून घेत होती. बापानं पावती तिच्याकडं दिली, "ही पण लाव त्यात," म्हणून. तिनं कोपरापर्यंत हात कट्ट्यात घातला आणि तळातून मूठ काढली.

आठ दिवसांनी ती वही घेऊन घरी आली. पहिल्या गोणपाटात सत्त्याहत्तर आले होते. दुसरं उद्या उघडायचं होतं, म्हणून सरासरीची जागा तिनं कोरी ठेवली होती.